मधल्या खोलीतलं आभाळ

१

मास्तरच्या घरात भिंतीभिंतीवर घड्याळं होती आणि एक सोडलं तर सगळी त्यानं स्वतः बनवलेली. “ते एक बाजारातलं आहे, तेवढंच बरोबर चालतं,” असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मास्तर ऐकलं न ऐकलंसं करायचा.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यांवर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग सगळं पक्कं करून घासायचं. हात असा बसलेला, की त्यानं लावलेला दात उपरा वाटायचा नाही. म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत आणि घरी बायकोही चिडवायला तेच म्हणे. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. “एक दात बघतो, एक डोळे. आमच्याकडे येताना तोंड सांभाळून आणा,” हा तिचा ठरलेला विनोद होता.

आता मास्तरला असं घड्याळ बनवायचं होतं, की ज्याला पुन्हा म्हणून हात लावावा लागणार नाही. जीपीएस रस्ता दाखवतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वर फिरणारा प्रत्येक उपग्रह मुळात घड्याळ असतो, आपली वेळ सतत ओरडत फिरतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. मास्तरला ते कळल्यापासून चैन नव्हती. ते ओरडणं ऐकणारा एक रिसीव्हर घ्यायचा, त्याला घड्याळ जोडायचं, की झालं. अडचण एकच. रिसीव्हरला डोक्यावर आभाळ लागतं आणि घड्याळ लावायचं होतं मधल्या खोलीत.

मधली खोली म्हणजे एका बाजूला बैठकीची खोली, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, तिसरीकडे जिना आणि चौथीकडे शेजाऱ्यांची भिंत. खिडकी नाही. वर आणखी चार मजले. भर दिवसा दिवा लावावा लागायचा. तिथे त्याचं कामाचं टेबल होतं, तिचं इस्त्रीचं टेबल होतं, आणि दोघांनाही टाकवत नाही असं बरंच काही होतं.

“तार गॅलरीपर्यंत नेतो,” तो म्हणाला.

“नेलीस तर मधली दोन्ही दारं लागायची नाहीत.”

“मग भिंतीला भोक पाडतो.”

“पाड ना. त्याच भोकातून तुला बाहेर काढते.”

खरं सांगायचं तर हे सगळं चाललं होतं ते तिच्या गाठीमुळे, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. आंघोळ करताना तिला मानेपाशी गाठ लागली होती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. तोवर तिनं घरातली कपाटं उपसायला काढली आणि यानं रिसीव्हर मागवायला सुरुवात केली. मास्तर पार टरकला होता. इतक्या वर्षांच्या संसारात घरात एकटं कसं राहायचं हे शिकायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

२

पहिला रिसीव्हर नखाएवढा होता आणि फुकटात पडल्यासारखा स्वस्त. गॅलरीत ठेवला की त्याला भराभर उपग्रह सापडायचे. मधल्या खोलीत आणला की ठार बहिरा. दुसऱ्याला लांब तार होती आणि टोकाला लोहचुंबक. तो चांगला होता, पण तारेचं काय होणार ते ठरलेलंच होतं. तिसऱ्याच्या खोक्यावर ‘घरातही चालतो’ असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. चालायचा, पण बैठकीच्या खोलीत, खिडकीला नाक लावून. मधल्या खोलीत एखादा उपग्रह क्षणभर डोकावायचा आणि परत जायचा.

“त्याला सांग, लाजू नकोस, घरचाच आहेस,” बायको इस्त्री करता करता म्हणाली.

शेवटी मास्तर टॉवरकडे गेला. टॉवर हा त्याचा जुना मित्र. तरुणपणी मोबाइलच्या टॉवरवर चढून यंत्रं दुरुस्त करायचा आणि स्वतःही तसाच उंच, म्हणून टॉवर. आता त्याचं मोडीत निघालेल्या यंत्रांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी आनंद व्हायचा आणि मग वस्तू द्यावी लागणार म्हणून वाईट वाटायचं.

“तुला पत्ता हवाय की वेळ?” टॉवरनं विचारलं.

“वेळ.”

“मग पत्ता सांगणारे रिसीव्हर घेऊन कशाला बसलायस? हा घे.” त्यानं फळीवरून साबणाच्या वडीएवढी एक पत्र्याची डबी काढली. “टॉवरवरचा आहे. हा आपण कुठे बसलोय ते एकदाच नीट शिकून घेतो. दिवसभर गॅलरीत ठेव, शिकेल. मग घरात ने. पत्ता माहीत असला की वेळेपुरता त्याला एकच उपग्रह बास होतो. तेवढा तर भिंतीतूनही मिळेल.”

“खोड काय आहे याच्यात? तू असा सहजासहजी देणार नाहीस.”

“जुना आहे. तारीख वीस वर्षं मागची दाखवेल.” मास्तरचं तोंड बघून टॉवर हसला. “अरे, उपग्रह तारीख सांगतच नाहीत. आठवड्याचा आकडा सांगतात. आणि तो आकडा हजार नि वर चोवीस झाले की परत शून्यावर येतो, गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा. एवढे आठवडे म्हणजे वीस वर्षांना थोडे कमी. म्हणजे या आठवड्याचा जो आकडा आहे तोच वीस वर्षांपूर्वी होता आणि वीस वर्षांनीही तोच असणार. याला बिचाऱ्याला फरक कळत नाही. तू आपला घड्याळात सांगून ठेव, वीस वर्षं मिळव म्हणून. सगळे तेच करतात.”

मास्तरनंही तेच केलं.

३

लॅब घरापासून जवळ होती, त्यामुळे मास्तर दुपारी जेवायला घरी यायचा. बायको संध्याकाळपर्यंत दुकानात. डबी गॅलरीत बसून पत्ता शिकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ती मधल्या खोलीत आणली, घड्याळाला जोडली आणि शेजारी छोटा पडदा लावला. त्या पडद्यावर आभाळाचा गोल नकाशा दिसायचा आणि सापडलेला प्रत्येक उपग्रह ठिपका होऊन यायचा. एक ठिपका आला तरी गंगेत घोडं न्हालं, असं मनाशी म्हणत तो पोळीचा घास घेऊन उभा राहिला.

एक आला. दुसरा आला. मग एकदम पाच-सहा आले, आणि घास गिळेपर्यंत नकाशा भरून गेला. बारा उपग्रह, आणि सगळे ठणठणीत. गॅलरीतही इतके कधी आले नव्हते, तिथे वरच्या मजल्याचा सज्जा आडवा यायचा. इथे आडवं काहीच येत नव्हतं.

त्यानं बायकोला फोन लावला. “लागलं!”

“काय लागलं? आग?”

“उपग्रह! बारा! मधल्या खोलीत!”

“अरे वा. जेवलास का?”

संध्याकाळी ती आली, पर्स खांद्यावरून न काढताच घड्याळापुढे उभी राहिली. मास्तर बाजूला हाताची घडी घालून, शाबासकीची वाट बघत. तिनं फोन काढून घड्याळाशेजारी धरला आणि दोन्हीकडे आळीपाळीनं बघितलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून तिची नजर तयार झालेली.

“मास्तर, हे मागे आहे. एक सेकंद.”

“शक्यच नाही.”

“बघ की तू.”

त्यानं बघितलं. फोनचा आकडा बदलायचा आणि मग घड्याळाचा. मध्ये एक सेकंद, पुरतं. त्यानं डबी उचलून गॅलरीत नेली. तिथे दोन्ही बरोबर. परत मधल्या खोलीत आणली, परत एक सेकंद मागे.

“एका सेकंदानं काय होतंय,” ती म्हणाली. “माझं एवढं मोठं काम अडकलंय, मी काही बोलतेय का?”

तिनं पर्स खाली ठेवली आणि ती भात लावायला गेली.

४

मास्तरचं डोकं साधं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. दात टोचतो म्हणजे कुठेतरी उंच राहिलाय. उंच जागा शोधायची आणि घासायची. भूतबित, नशीबबिशीब त्याच्या हिशेबात नव्हतं. म्हणून दुसऱ्या दुपारी त्यानं आधी तार बदलली. मग घड्याळाला दिलेल्या सूचना ओळीनं तपासल्या. मग त्याला एक साधी गोष्ट सुचली. तो तिसरा, खोक्यावर ऐट मारणारा रिसीव्हर त्यानं कपाटातून काढला आणि डबीशेजारी ठेवला.

त्यालाही बारा सापडले.

पहिला, नखाएवढा ठेवला. त्यालाही बारा.

आता मात्र मास्तर खुर्चीवर बसला. गेल्या आठवड्यात याच टेबलावर हे दोन्ही मेल्यासारखे पडले होते. म्हणजे डबी काही फार गुणाची नव्हती. गुण असलाच तर तो खोलीचा होता.

नखाएवढा रिसीव्हर आणि त्याचा पडदा घेऊन तो गॅलरीत गेला. बाहेरच्या आभाळाचा नकाशा त्यानं फोनमध्ये टिपला, आत येऊन आतलाही टिपला आणि दोन्ही शेजारी धरले. एका घराचं आभाळ एकच असायला हवं; बाहेर जास्त दिसेल, आत कमी, एवढाच फरक. इथे ठिपके जुळतच नव्हते. बाहेर जिथे दाटी होती तिथे आत मोकळं होतं. आत अगदी डोक्यावर एक ठिपका होता, त्याचा क्रमांक बाहेरच्या नकाशात कुठेच नव्हता.

त्यानं मान वर करून छताकडे बघितलं. छत जागेवर होतं. पाणी गळून पडलेला जुना डागही होता. ते बघून त्याला जरा बरं वाटलं आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

५

“पुरतं एक सेकंद?” टॉवरनं विचारलं. “पाऊण नाही, सव्वा नाही?”

“पुरतं एक.”

“मग ते मिळवलेलं सेकंद असणार.” टॉवर खूश झाला, त्याला असलं काही समजावून सांगायला फार आवडायचं. “पृथ्वी आळशी आहे बघ. फिरता फिरता मागे पडते. मग अधूनमधून जगातली सगळी घड्याळं ठरवून एक सेकंद थांबतात आणि तिला गाठू देतात. जीपीएस सुरू झाल्यापासून असे अठरा सेकंद थांबलोय आपण. तो आकडाही उपग्रहच सांगतात. तुझी डबी सतरा धरून बसली असेल.”

“सतरा धरलं असतं तर पुढे गेली असती. ही मागे आहे,” मास्तर म्हणाला. “आणि आकडा मी बघून आलोय. बाहेर अठरा दाखवते. आत एकोणीस.”

टॉवरनं हातातला पेचकस खाली ठेवला. “एकोणिसावं सेकंद अजून कुणी दिलेलं नाही.”

“तेच विचारतोय. चूक असेल ना?”

“एक उपग्रह चुकेल. बारा मिळून एकच चूक कशी करतील?” मास्तरचा फोन घेऊन तो बराच वेळ ते दोन नकाशे बघत बसला. “आतमध्ये तारीख काय दाखवते?”

“आजचीच.”

“दाखवणारच,” टॉवर हळूच म्हणाला. “तिला फरक कळत नाही म्हटलं ना मी. आठवड्याचा आकडा आजही तोच, आणि वीस वर्षांनी…” पुढचं त्यानं गिळलं. मग एकदम उठून फळ्या धुंडाळायला लागला. “तू असं कर, ती डबी परत आण. मी दुसरा रिसीव्हर देतो. याच्याइतका चांगला नाही. पण घरात लागणार नाही, एवढी खात्री देतो.”

घरात न लागणाऱ्या रिसीव्हरची खात्री देणारा दुकानदार मास्तर पहिल्यांदाच बघत होता. त्याला हसू यायला हवं होतं.

६

डबी त्यानं परत केली नाही. करतो करतो म्हणाला आणि दुपारी नेहमीसारखा घरी आला. डबी चालू होती. मधल्या खोलीचं दार त्यानं बाहेरून ओढून घेतलं, दिवा आत कशाला जळत ठेवायचा म्हणून तोही बंद केला, आणि स्वयंपाकघरात ताट घेऊन बसला.

आत खुर्ची सरकली.

शेजाऱ्यांकडे असेल, असं त्याला आधी वाटलं. भिंती पातळ होत्या. तिकडच्या भांडणांतली सगळी पात्रं त्याला आवाजावरून पाठ होती. मग कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. शेजाऱ्यांचा आवाज भिंतीतून येताना जाडसर होऊन येतो. हा नीट, बारीक आला, दाराच्या फटीतून आल्यासारखा. आणि खोली पोकळ वाटत होती. आत कपाटं, कपडे, खोकी ठासून भरलेली असताना आवाज मोकळ्या खोलीत घुमावा तसा घुमत होता.

मग कुणीतरी बोलायला लागलं. शब्द कळत नव्हते. म्हातारा आवाज, इतका झिजलेला की बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा. फोनवर बोलताना माणूस पलीकडच्यासाठी थांबतो तेवढाच. मग पुन्हा दोन वाक्यं.

मास्तर उठला, हात न धुताच विजेच्या मीटरपाशी गेला आणि मधल्या खोलीची कळ खाली ओढली. आवाज बंद. कळ वर केली. डबीला उपग्रह पकडायला जितका वेळ लागतो तितका गेला आणि कप पुन्हा टेबलावर टेकला.

वारा असेल. पाइप असेल. रिपोर्टच्या काळजीनं डोकं फिरलं असेल, फिरतं म्हणतात. एकेक शक्यता तो हाताशी धरत होता आणि प्रत्येक हातातून सुटत होती. कारण टॉवरनं गिळलेलं वाक्य एव्हाना त्याच्या डोक्यात पुरं झालं होतं. मधल्या खोलीत वीस वर्षांनंतरचं आभाळ होतं. आणि आभाळ असेल तर त्याच्याखाली घर असणार, आणि घर असेल तर ते यांचंच असणार. घर विकायचं नाही असं दोघांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

पण कप एक होता. आवाज एक होता. माणसं दोन असती तर दुसऱ्याचं काहीतरी ऐकू आलं असतं, खोकला, पाऊल, निदान एक ‘हं’. तो दाराला कान लावून उभा राहिला आणि दुसऱ्या माणसाची वाट बघत राहिला.

दुसरं माणूस नव्हतं.

तो मीच, असं त्याच्या मनानं लगेच घेतलं. घड्याळांत बसून स्वतःशी बडबडणारा म्हातारा, दुसरं कोण असणार? आणि तो मी असेन तर ती नाही. आज तपासणीच्या टेबलावर कुठेतरी तिचा तो तुकडा पडला होता, आणि त्याचं उत्तर इथे दाराआड कप घेऊन बसलं होतं. मास्तर भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. भीती वाटत होती, पण तिच्याहून जास्त एकटेपणाचं दुःख होत होतं, आणि तेही अजून न आलेल्या एकटेपणाचं.

७

“रिपोर्ट उद्या मिळणार,” बायको रात्रीच्या जेवणाला म्हणाली. “दुपारी दुकानातून जाऊन घेऊन येईन.”

“मी येतो बरोबर.”

“नको रे. तुझं तोंड बघितलं की मलाच धडकी भरते. तू आपला जेवायला घरी ये आणि बस घड्याळाशी खेळत.”

त्यानं भाजी नुसती चिवडली. मग म्हणाला, “समज, पाकीट न फोडता आत काय आहे ते कळायची सोय असती. तू बघितलं असतंस?”

ती त्याच्याकडे नीट बघत राहिली. दुकानात खुर्चीवर बसवलेल्या माणसाकडे बघायची तसं.

“लोक काय करतात माहितेय? खालची ओळ वाचा म्हटलं की दिसत नसलं तरी अंदाजानं ठोकून देतात. आणि अंदाज नेहमी चुकतो बरं का, मग चुकीचा चष्मा घेऊन डोकेदुखी ओढवून घेतात. मी म्हणते, दिसत असेल तर बघा, नसेल तर दिसत नाही म्हणा. मधलं काही करू नका.” तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. “तू मधलं करतोयस. चार दिवस बघतेय मी. माझं मरण अंदाजानं ठोकून देऊ नकोस मास्तर. मला राग येतो त्याचा.”

त्यानं टेबलावरचा तिचा हात धरला. तिनं दोन मिनिटं धरू दिला आणि मग म्हणाली, “सोड आता, डावा हात आहे, तोच खाण्याचा असता तर उपाशी राहिले असते.”

८

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला तो जेवलाच नाही. मधल्या खोलीच्या दारापुढे उभा राहिला. आत आवाज नव्हता. त्यानं दोनदा कडीला हात लावला आणि दोनदा काढला. पाणी प्यायला. परत आला. ती आता रिपोर्ट घ्यायला निघाली असेल. तिच्या आधी आपल्याला कळणं बरोबर की चूक, यावर त्यानं बराच वेळ घालवला आणि काही ठरलं नाही. मग खालची ओळ वाचायची एवढंच ठरवून त्यानं दार ढकललं.

मधल्या खोलीत ऊन होतं.

कुठून येत होतं ते त्याला दिसलं नाही. दार अर्धंच उघडलं होतं आणि पुढे ढकलायची त्याची छाती झाली नाही. जिथे इस्त्रीचं टेबल असायचं तिथे नुसती फरशी होती आणि फरशीवर ऊन पडलं होतं. खोकी नव्हती. कपाट नव्हतं. समोरच्या भिंतीवर त्याचं घड्याळ होतं, चौकट पिवळी पडलेली, चालू. त्याच्यासमोर दाराकडे पाठ करून कुणीतरी खुर्चीत बसलं होतं. बारीक कापलेले पांढरे केस, उतरलेले खांदे. हाताशी एक कप.

मीच, मास्तरच्या मनात आलं. मग खुर्चीतल्या माणसानं चष्मा काढला, उजेडात धरला आणि काचेच्या कडेकडेनं बोट फिरवून बघितलं, काच बसवणारं माणूस बघतं तसं. मान किंचित वळली. गालाची कड दिसली.

ती होती.

म्हातारी, वाळलेली, पण ती. मानेवर, गाठ होती तिथे, बारीकशी जुनी रेघ होती आणि बाकी काही नव्हतं. मास्तरला ओरडायचं होतं. आनंदानं ओरडायचं होतं, आधी फक्त आनंदच झाला, हे सांगायलाच हवं.

ती वळली नाही. चष्मा परत डोळ्यांवर चढवून शांतपणे म्हणाली, “आलास? आज उशीर केलास.”

त्याचं तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. ती थांबली. फोनवर पलीकडच्यासाठी थांबतात तेवढीच.

“बरं, नको बोलूस,” ती म्हणाली. “नुसता थांब थोडा वेळ.”

तो थांबला. किती वेळ ते त्याला सांगता येणार नाही. तिनं चहा संपवला. मग ऊन हळूहळू फिकट होत गेलं. शेवटी इस्त्रीच्या टेबलाची कड त्याच्या मांडीला टोचली, आणि तो अंधाऱ्या खोलीत खोक्यांपुढे उभा होता. पडद्यावरच्या नकाशात एकही ठिपका नव्हता.

९

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. बायको धावत जिना चढली असावी, तिला नीट बोलता येत नव्हतं. हातात पाकीट, फाडलेलं.

“साधी गाठ! काही नाही! काढून टाकली की झालं, म्हणाले!”

मास्तर बैठकीच्या खोलीत मटकन खाली बसला आणि हमसाहमशी रडायला लागला. तीही शेजारी बसली, रडत आणि हसत. “अरे, मला काही झालेलं नाहीये रे! ऐकतोयस ना?”

“माहितेय,” तो म्हणाला. “तुला काही होत नाही.”

“मोठा आलास माहीत असणारा,” ती म्हणाली आणि तिनं ओढणीनं त्याचं नाक पुसलं.

उरलेली अर्धी गोष्ट त्याला नंतर लागली, चहाचे कप मांडताना. दोन मांडले आणि दुसऱ्याकडे बघत राहिला. तिथे कप एकच होता. म्हणजे आपण नसणार, वीस वर्षांच्या आत कधीतरी. एकोणीस वर्षांनी असेल, येत्या आठवड्यात असेल. घड्याळाला तेवढं विचारता येत नव्हतं आणि आलं असतं तरी त्यानं विचारलं नसतं. त्याला स्वतःसाठी वाटायला हवं होतं ते तेवढं वाटेना. ती उन्हात एकटी बसली होती आणि तिनं आपल्याला न घाबरता हाक मारली होती, हेच राहून राहून आठवत होतं. रोजची सवय असल्याशिवाय कुणी तसं बोलत नाही.

संध्याकाळी टॉवरचा फोन आला. डबी कधी आणतोस, दुसरा रिसीव्हर काढून ठेवलाय.

“ठेव तुझ्याकडेच,” मास्तर म्हणाला. “मला हाच बरा आहे.”

“एक सेकंद मागे आहे अरे तो.”

“असू दे.”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जेवणाची सुट्टी व्हायला अजून वेळ होता. मास्तरच्या पुढ्यात अर्धी कवळी मेणात होती. त्यानं ती तशीच झाकली, हात साबणानं धुतले, केस विंचरले. शेजारच्या टेबलावर कवळी घासणारी बाई बघतच राहिली.

“मास्तर, आज इतक्या लवकर?”

“घरी जातो. वाट बघते ती.”

“वहिनी तर दुकानात असतील ना आत्ता?”

“दुकानातही आहे,” मास्तर म्हणाला आणि भराभर जिना उतरून गेला.